ओल्या लाकडाखालचे भुंगेरे

पेण,
११ जुलै २०२५

मृणाली यांस,

तुमचं पत्र मिळालं. घरी न पाठवता लॅबच्या पत्त्यावर पाठवलंत ते बरं केलंत. फोन लागत नाही असं तुम्ही लिहिलंय. नंबर मी ब्लॉक केला आहे. जे काय असेल ते लिहूनच कळवा. फोनवर मला तुमच्याशी नीट बोलता येणार नाही.

तुम्हाला निकेशदादाची पेटी हवी आहे. लग्नाआधी त्याने तुमच्या माहेरी, निडीच्या बाजूला डोंगरात हिंडून गोळा केलेले भुंगेरे त्या पेटीत आहेत. बेटावर सापडलेला भुंगेरा त्यांच्याशी ताडून दाखवल्याशिवाय तो नव्या जातीचा आहे असं कुणी मानणार नाही, तुमचा निबंध तपासणाऱ्यांनी तसं कळवलंय. हे सगळं मी वाचलं. पेटी आमच्याकडेच आहे, माळ्यावर. ती मी देणार नाही.

कारण सांगायला मी बांधलेली नाही, तरी सांगते. माझा एकुलता एक भाऊ अंदमानच्याही पलीकडे, जिथे माणसांची वस्ती नाही अशा बेटावर तापाने गेला. तुम्ही त्याची बायको. तुम्ही त्याच्याबरोबर होतात. तुम्ही परत आलात आणि तो स्टीलच्या डब्यातून आला. बाबांनी तुमच्या हातातून डबा घेतला, "तू जा आता, परत नको येऊ" एवढंच म्हणाले, आणि तुम्ही उंबऱ्यावरूनच वळलात. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. बाबांनी त्यानंतर घरात दादाचं नाव घेतलेलं नाही. आई आधीच गेली होती. तिला हे बघावं लागलं नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे हे तुम्हाला माहीत आहे. स्क्रब टायफसचे रिपोर्ट मीच काढते. गवतातला डोळ्याला न दिसणारा एक किडा चावतो, चावल्या जागी काळी खपली धरते आणि ताप चढतो. त्यावर डॉक्सीची गोळी असते. वेळेत पोटात गेली तर माणूस उठून बसतो. तुम्ही दोघं तर किड्यांचेच अभ्यासक. तुमच्या औषधांत ती साधी गोळी नव्हती का? होती तर दिली का नाहीत?

मला एवढंच विचारायचं आहे. याचं उत्तर नसेल तर पुन्हा लिहू नका.

निशिगंधा घरत

•

पेण,
६ ऑगस्ट २०२५

मृणालीवहिनी,

उत्तराला उशीर झाला. पावसाळ्यात आमच्याकडे तापाचे पेशंट खूप असतात, पण खरं कारण ते नाही. तुझं पत्र पर्समध्ये घेऊन मी हिंडत होते आणि काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तू काही लपवलं नाहीस. गोळ्या होत्या. पण तिकडच्या जंगलात काम करणाऱ्यांना मलेरिया होतोच, दादालाही आधी होऊन गेला होता. हुडहुडी तशीच भरली आणि तो स्वतःच म्हणाला की हा मलेरियाच, त्याच गोळ्या दे. त्याच तू दिल्यास. समुद्र खवळलेला म्हणून बोट किनाऱ्याला लागेना. ढग डोंगरावर बसून राहिलेला म्हणून हेलिकॉप्टर उतरेना. डॉक्टर सॅटेलाइट फोनवर सांगत होते ते तू करत होतीस. त्याच्या काखेतली खपली तुला दिसली ती सदरा बदलताना, त्याला हात उचलवेना तेव्हा. मग दुसरी गोळी काढलीस, पण तोवर त्याला गिळता येत नव्हतं.

हे वाचलं त्याच आठवड्यात आमच्याकडे नागोठण्याकडच्या बायजाबाई आल्या. आठवडाभर ताप. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही. दोन दवाखाने झाले होते. मीही त्यांचं रक्त काढलं, स्लाइड बघितली आणि काही नाही म्हणून सही केली. त्यांची खपली कमरेला होती, लुगड्याच्या गाठीखाली. डॉक्टरांना दिसली नाही, मला दिसली नाही. सुनेने अंग पुसताना बघितली आणि तीच धावत आली, "ताई, हे काय हाय बघा." बाई वाचल्या. इथे दवाखाना आहे, मशीन आहे, दारात रिक्षा आहे, तरी थोडक्यात वाचल्या.

तुला जे विचारलं ते मी आता पुन्हा विचारणार नाही.

आता पेटीचं. रविवारी बाबा खाडीकडे गेले होते तेव्हा मी माळ्यावरून ती खाली काढली. वहिनी, आत काही उरलेलं नाही. डांबराच्या गोळ्या कधीच उडून गेल्यात आणि बारीक किड्यांनी भुंगेरे खाऊन टाकलेत. टाचण्या तशाच उभ्या आहेत, खाली पिवळसर भुगा आहे. एका टाचणीला अर्धं डोकं चिकटलेलं होतं, हात लावला तर तेही पडलं. प्रत्येक टाचणीखाली दादाच्या अक्षरातली चिठ्ठी तेवढी शाबूत आहे. मी ओट्यावर बसून सगळ्या चिठ्ठ्या पुसल्या. दुसरं काय करायचं ते कळेना.

म्हणजे देणार नाही, देणार नाही म्हणत होते ते द्यायला माझ्याकडे नव्हतंच.

तुझ्या आईला निडीतून नवीन भुंगेरे पाठवायला सांगू का असं तुझ्या मनात येईल. त्या झुरळंसुद्धा पाठवतील. काय शोधायचं ते मला नीट लिहून कळव, मी जाते. आणि एक कर. नवीन जात, नवीन जात म्हणता, म्हणजे नक्की काय, तेही मला समजेल असं लिही. दादा सांगायचा तेव्हा मी मोबाइलमध्ये बघत असायचे.

निशी

•

पेण,
१२ सप्टेंबर २०२५

वहिनी,

तुझं पत्र या वेळी बाबांच्या हाती पडलं. माझ्याच चुकीने. लॅबमधून येताना ते पिशवीत राहिलं आणि बाबांनी मासे घालायला पिशवी रिकामी केली.

मी आंघोळ करून आले तर ते पाकीट मांडीवर घेऊन बसलेले. उघडलेलं नव्हतं.

"कोनाचा कागद?"

"मृणालीवहिनीचा."

मला वाटलं आता पेटवून देतील. ते बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काय लिवलंय तिनं? वाच."

तू बेटाबद्दल लिहिलंस तेवढं मी वाचलं. की ते बेट समुद्राच्या पोटातून ज्वालामुखीने वर काढलंय, जमिनीला ते कधी जोडलेलंच नव्हतं. सुरुवातीला त्यावर नुसता दगड. आता जे काही तिथे जगतंय त्यातलं प्रत्येक कधी ना कधी बाहेरून आलंय. कुणी वाऱ्याबरोबर, कुणी वाहत आलेल्या ओंडक्यात बसून. भुंगेऱ्याची अंडी किंवा आळ्या अशाच एखाद्या कुजक्या ओंडक्यातून आल्या असतील. हजारांतले चार-दोन वाचले, त्यांचाच वंश वाढला. मागून मिसळायला दुसरं कुणी आलं नाही.

बाबा ऐकत होते. मी पुढे वाचलं. बेट लहान, वारा सोसाट्याचा. जे भुंगेरे उडाले ते समुद्रात गेले. ज्यांचे पंख जन्मतःच तोकडे होते ते उडाले नाहीत, म्हणून राहिले, आणि पिल्लं त्यांनाच झाली. असं हजारो पिढ्या. आता त्या बेटावरच्या भुंगेऱ्याची पाठीवरची दोन कवचं एकमेकांना सांधली गेलीत, उघडतच नाहीत, आत पंखाचा नुसता कोंब आहे. त्याचा वासही बदलला. आपल्याकडचा त्याचा भाऊबंद समोर आणून ठेवला तरी दोघं एकमेकांना ओळखणार नाहीत, त्यांना पिल्लं होणार नाहीत. तेव्हा ती वेगळी जात झाली म्हणायचं.

"किड्याला कळतं काय, उडलो तर मरंन म्हनून?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. कळत कुणालाच नाही. उडणारे गेले, न उडणारे राहिले, एवढंच."

मग ते मिठागरात कामाला होते तेव्हाचं सांगायला लागले. कितीतरी वर्षांनी मी त्यांना मिठागराबद्दल बोलताना ऐकलं. वाऱ्याच्या दिवसांत खाऱ्या पाण्याच्या कुंड्यांच्या एका कडेला मेलेल्या किड्यांची रेघ लागायची म्हणे. चतुर, माश्या, भुंगे. मिठाने पांढरे झालेले. "फावड्यानं काढून टाकायचो. समदी पाखवाली. बांधावर मुंगल्यांची रांग चालायची, पन मुंगला त्यात कवा नाय बघितला."

मी म्हटलं, "दादा हेच सांगायचा असेल."

दादा हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि मी घाबरले. बाबांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "त्या गवतात कशाला गेलेला?"

तेही तुझ्या पत्रात होतं, म्हणून सांगता आलं. बेटाच्या दोन उतारांवरचे भुंगेरे एकसारखे आहेत की तिथेही दोन घराणी वेगळी व्हायला लागलीत, ते त्याला बघायचं होतं. मधे उभा कडा आहे, इकडचा भुंगेरा तिकडे जाऊ शकत नाही. म्हणून तो कडा ओलांडून गवताच्या उतारावर गेला. तिथे त्याला जे हवं होतं ते मिळालं. तिथेच किडा चावला असणार.

"मिलालं न त्याला?" बाबा म्हणाले.

"मिळालं."

मग ते मासे साफ करायला बसले.

तू काढून पाठवलेलं भुंगेऱ्याचं चित्र मी लॅबमधल्या कपाटाला आतून चिकटवलंय. लांबट, काळा, मिशा मण्यांसारख्या, हाताळला की रॉकेलसारखा वास. ओल्या कुजक्या लाकडाच्या सालीखाली. पावसाचा जोर ओसरला की जाते.

निशी

•

पेण,
१० ऑक्टोबर २०२५

वहिनी,

आम्ही जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी आणि बाबा.

त्यांनी आदल्या दिवशीपर्यंत येतो असं म्हटलं नव्हतं. सकाळी मी वडखळला पेणच्या मिनिडोर रिक्षात बसले तर मागून येऊन शेजारी बसले. कमरेला कोयता, डोक्याला टॉवेल. पेण स्टेशनवर मी दोन तिकिटं काढली. गाडीत ते खिडकीतून बाहेर बघत होते. नागोठणं गेल्यावर म्हणाले, "तिचं घर स्टेशनापासून लांब हाय काय?" तुझ्या लग्नाच्या जेवणाला ते आले होते, पण तेव्हा ट्रकमधून आले होते, अंधार होता.

तुझी आई, वैशालीमावशी, अंगणात होती. बाबांना बघून त्यांनी हातातली सुपली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि नुसतं "या" म्हणाल्या. पाणी दिलं. मग मी काय शोधायला आले ते सांगितलं तेव्हा त्यांना बरं वाटलं असावं, कारण सगळ्यांनाच काहीतरी करायला मिळालं. वैशालीमावशी पुढे, मी मागे, बाबा सगळ्यात मागे, असे आम्ही वाडीत गेलो. तुमचा तो मोठा आंबा, निसर्ग वादळात पडलेला, अजून तसाच आडवा आहे. अर्धा मातीत गेलाय, वर शेवाळं. मावशी म्हणाल्या, "सरपणाला न्या म्हटलं तर कुणी नेईना. बरं झालं राहिला."

बाबांनी कोयत्याने साल उचकटली. आधी वाणी किडे निघाले, मग गोम, मग पांढऱ्या आळ्या. मी प्रत्येक काळ्या किड्यावर हात घालत होते आणि चित्राशी ताडून सोडून देत होते. ऊन वर आलं. मावशी घरी जाऊन चहा घेऊन आल्या. बाबा ओंडक्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेले होते, जिथे लाकूड मऊ झालंय. तिथून त्यांनी मला हाक मारली, आवाज न चढवता. "निशे, यो बघ गो."

त्यांच्या तळहातावर होता. हुबेहूब चित्रातला. तो बोटावरून चालत पार टोकाला गेला, थोडा थांबला, आणि त्याची पाठ उघडली. कवचं दोन बाजूंना झाली, आतून पातळ घडी केलेले पंख निघाले आणि तो उडाला. मी डबी घेऊन पुढे होते, तरी मला हलता आलं नाही. बाबांनी मान वर केली आणि तो वाडीच्या पलीकडे दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

"याला पाखं हायत," ते म्हणाले.

"याला आहेत. बेटावरच्याला नाहीत."

"नि दोघं एका घरचे."

"हो."

नंतर त्या टोकाला आणखी पाच-सहा मिळाले. तू सांगितलंस तसं मी लॅबमधून आणलेल्या नळ्यांत स्पिरिट भरून ठेवलं होतं. पहिला आत टाकताना बाबांनी विचारलं, "मारायलाच लागतं?" मी म्हटलं, लागतं, नाहीतर आतलं काही तपासता येत नाही. "मंग लवकर कर," म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले. शेवटची नळी बंद होईपर्यंत तसेच.

मावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. तुझे वडील शेतावरून आले, बाबांच्या शेजारी पाटावर बसले. दोघं या वर्षीच्या पावसाबद्दल बोलले, भाताला कीड लागली का ते बोलले. तुझं नाव कुणी काढलं नाही. हात धुवायला बाबा मागच्या दारी गेले तेव्हा मावशी पाणी घालायला तांब्या घेऊन गेल्या. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं.

"व्याही, एक बोलू का? मुलगी दोन वर्षं घरी आली नाही. दिवाळीला नाही, माझं ऑपरेशन झालं तेव्हा नाही. ये म्हटलं की म्हणते, सासरचं दार बंद असताना माहेरी कुठल्या तोंडाने येऊ. तुम्ही तिला बोलवा असं मी म्हणत नाही. येऊ नको म्हणालात, तेवढं मागे घ्या."

बाबांनी हात धुतले, टॉवेलला पुसले. निघताना तुझ्या वडिलांना नमस्कार केला, मावशींनाही केला. माझ्या आठवणीत त्यांनी कुठल्या बाईला आधी नमस्कार केलेला नाही.

निडीच्या स्टेशनवर गाडीला वेळ होता. फलाटावर आम्ही दोघंच होतो. नळ्यांची पिशवी त्यांनी माझ्याकडून घेऊन मांडीवर धरली होती. वहिनी, मी तुला खरं ते लिहिते. मला वाटत होतं की बाबांचा तुझ्यावर राग आहे. बेटावरच एका बाईने अग्नी दिला, गावाला आणलं नाही, मातीला कुणी नव्हतं, याचा राग. गावातली माणसं तसं बोलली होती आणि बाबांनी त्यांना कधी अडवलं नव्हतं. मीही तेच धरून चालले होते.

ते म्हणाले, "तिला एक विचारशील?"

"काय?"

"तवा पाऊस व्हता. लाकडं सुकी मिलाली व्हती काय तिला?" मग रुळांकडे बघत, "नीट जळला काय तो?"

ते पुढे म्हणाले, "दोन वर्सं मी हेच बघतंय डोल्यांपुढं. ओली लाकडं. तिला एकटीला. बापानं सुनंला कसं विचारायचं? दारात आली तवा तोंडाशी आलेलं. नाय विचारवलं. जा म्हनालो."

म्हणून मी विचारते आहे. तुला लिहायचं नसेल तर लिहू नको. मी त्यांना काहीतरी सांगेन. पण त्यांना खरं आणि खोटं लगेच कळतं, हे तुला माहीत आहे.

निशी

•

पेण,
८ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

तुझं पत्र मी बाबांना आज सकाळी वाचून दाखवलं. आधी मी एकटीने वाचलं होतं, म्हणून दुसऱ्या वेळी आवाज कापला नाही.

जसं लिहिलंस तसंच वाचलं. लाकडं ओली होती. तिथेच दहन करायची परवानगी फोनवरून आली तेव्हा पाऊस लागलेलाच होता. तू आणि बरोबरचे दोघे, ज्यांना दादाने शोधाच्या कामासाठी अंदमानातल्या गावातून आणलं होतं, तुम्ही आधी तंबूचे बांबू काढलेत, मग सामानाची खोकी फोडलीत, मग भुंगेरे वाळवायच्या फळ्या. पुरेना. मग त्यांच्यातल्या मोठ्याला आठवलं की कड्याच्या पोटात एक कपार आहे, जुन्या भरतीने आणून टाकलेले ओंडके तिथे कोरडे पडलेत. तुम्ही ते ओढत आणलेत. तुझ्या हाताची साल गेली. स्टोव्हचं सगळं रॉकेल ओतलंस. ओंडके मिठाने भरलेले होते म्हणून ज्वाळा हिरवी-निळी दिसत होती हेही वाचलं. पाऊस येत-जात होता, पण आग एकदा धरल्यावर विझली नाही. तू शेवटपर्यंत तिथून उठली नाहीस. काहीही अर्धवट राहिलं नाही, असं तू लिहिलंयस, आणि पुढे, "मी स्वतः बघितलं, बाबांना सांग."

आणि अग्नी तू दिलास तो दुसरं कुणी नव्हतं म्हणून नाही. ते दोघे देतो म्हणाले होते. तूच नको म्हणालीस.

बाबांनी सगळं ऐकलं. कपारीचं मला पुन्हा वाचायला लावलं. "खारं लाकूड पेटलं का जोरात पेटतं," म्हणाले. मग उठून चप्पल न घालता बांधाकडे गेले. मी मागे गेले नाही. लॅबला सुट्टी सांगितली आणि भात टाकला. दुपारी आले. पाय चिखलाने भरलेले, डोळे लाल. नेहमीसारखे जेवले. जेवून झाल्यावर भिंतीवरच्या आईच्या फोटोखाली बसले आणि तिला सांगावं तसं मोठ्याने म्हणाले, "निकेशचं नीट झालं."

घरात त्याचं नाव ऐकलं आणि मी ताटं तशीच ठेवून मोरीत जाऊन रडले.

मग त्यांनी मला वही-पेन घेऊन बसायला सांगितलं. तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. एक, नव्या जातीला निकेशचं नाव दिलं तर चालेल का. दुसरी, स्पिरिटच्या नळ्या पोस्टाने पाठवता येत नाहीत, तर संस्थेतून एखादा विद्यार्थी घ्यायला आला तर चालेल का. दोन्हीचं उत्तर त्यांना स्वतः द्यायचं आहे. ते बोलले तसं खाली लिहिते. मी काही सुधारलेलं नाही.

निशी

मृणालीला पुंडलिकचा आशीर्वाद.

तुजा कागद ऐकला. तू लाकडं वडून आनलीस, हाताची साल गेली, ते ऐकलं. माजा पोर एकटा नव्हता. मना आता झोप लागंल.

लोकं बोलली का बाईनं आग दिली. मी गप बसलो. आता कोन बोललं तर मी सांगनार का तिचाच हक्क व्हता.

किड्याच्या नावाचं. निशीनं मना सांगितलं का नाव एकदा दिलं का जगभर तेच चालतं. पन त्याला निकेशचं नाव नको देऊ. बेटाचं दे. किडा तिथला हाय, तिथंच जन्मला, तिथंच त्याची पाखं गेली. माजा पोर हिथला. शोधायला गेला व्हता, परत येनार व्हता. कागदात खाली कुठं लिवतात न कोनी शोधला म्हनून, तिथं त्याचं नाव लिव. तुजं पन लिव, शेजारी.

नल्यांचं. मी त्या आईच्या फोटूच्या खाली फलीवर ठेवल्यात, ऊन लागत नाय. रोज बघतो. स्पिरिट कमी झालं तर निशी घालते. दुसऱ्या कोनाला पाठवू नको, मी देनार नाय. तू ये.

निशी म्हनते का तू आधी निडीला जाशील, आईला भेटशील, मंग हिकडं येशील. तसं कर तुला वाटलं तर. आई ती आई. पन पनवेलवरून गाडीत बसलीस का पेण आधी लागतं. मी स्टेशनात उभा राहीन.

पुंडलिक घरत